मैदान लोकांचं, संघ कुणाचा?

चांदणी चौकातून वाकडच्या दिशेनं निघालं, की मुळा नदीचा पूल येण्याआधी डाव्या हाताला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागतं. लोक त्याला बालेवाडी स्टेडियम म्हणतात. कागदोपत्री पत्ता मात्र म्हाळुंगे-बालेवाडी असा आहे, आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जाईपर्यंत म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातलं गाव होतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य सरकारनं हे संकुल उभारलं. २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल करंडकाचे सामने झाले. पण या मैदानाच्या इतिहासातला सगळ्यात भरगच्च काळ वेगळाच आहे. ऑक्टोबर २०१४ ते मे २०१५ या आठ महिन्यांत तीन व्यावसायिक फुटबॉल संघ हेच आपलं घरचं मैदान मानून खेळत होते. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी, आणि आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी. पुढच्याच मोसमात डीएसके शिवाजियन्स हा चौथा संघही आय-लीगमध्ये दाखल झाला. ऑगस्ट २०१९ संपता संपता यांतला एकही संघ उरला नव्हता.

चार संघ, चार मोठे उद्योगसमूह, आणि पाच वर्षांत सगळं मोकळं. या पाच वर्षांत पुण्यातले फुटबॉलवेडे एकाच विषयावर सगळ्यात जास्त भांडले: मालक कसा असावा आणि मॅनेजमेंटनं काय करावं. तो वाद खरा होता, जीव तोडून घातलेला होता. आज तो पुन्हा उलगडून पाहावा असं मला वाटतं. त्या वादात जो प्रश्न कुणी विचारला नाही, त्याचं उत्तर नसल्यामुळेच पुणं रिकामं झालं, असं माझं मत आहे.

आधी पुणे एफसीबद्दल. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं हा क्लब काढला. त्याची धुरा नंदन पिरामल यांच्याकडे होती. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग मोसमात संघ तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं विश्वास ठेवला गेला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग संघ दुसरा आला, आणि २०१४ मध्ये आशियाई पातळीवरच्या एएफसी करंडकातही खेळला. त्याच वर्षी ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यात साळगावकरकडून एका गोलनं हरला. या सगळ्याइतकीच महत्त्वाची होती त्यांची अकादमी. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला आणि पुढे भारताकडून खेळला. भारतीय फुटबॉलमध्ये इतक्या नीट चालवलेल्या संस्था मोजक्याच असतील. तरीही चाहत्यांची तक्रार होती, आणि ती रास्त होती: शहराला आपला संघ आहे याचा पत्ताच नव्हता. मालकानं संघावर पैसे खर्च केले, गावावर केले नाहीत, असं त्या वेळचे लाल शर्टवाले चाहते म्हणायचे.

मग २०१४ च्या शरद ऋतूत सुपर लीग आली. तिच्या मागे एक जुना करार होता. डिसेंबर २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना रिलायन्स आणि आयएमजी यांच्या भागीदारीला दिले होते. सुपर लीगमध्ये जागा मिळवायची तर संघ चांगला असून भागत नव्हतं. फ्रँचायझीची फी भरावी लागायची, तीही दर वर्षी, आणि पुण्याची जागा दुसऱ्यांनी घेतली होती. आय-लीगची किंमत झपाट्यानं उतरू लागली. २०१५ मध्ये पिरामल समूहानं संघ विकण्याचा प्रयत्न केला, गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि क्लब बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच मोसम खेळला. आय-लीगमध्ये शेवटचा आला आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं निरोप घेतला.

महाराष्ट्रात हे पहिल्यांदा होत नव्हतं. १९६२ मध्ये सुरू झालेला आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड कंपनीनं २०१० मध्ये बंद केला. पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटी गेला. कंपनीच्या संचालक मंडळाची एक बैठक होते आणि अर्धशतकाची संस्था संपते. त्या बैठकीत चाहत्याला खुर्ची नसते.

एफसी पुणे सिटीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण त्याच्या भोवती खरोखरची गर्दी जमली होती. एप्रिल २०१४ मध्ये वाधवान कुटुंब आणि सलमान खान यांच्या नावे पुण्याची फ्रँचायझी गेली. पुढे सलमानऐवजी हृतिक रोशन सहमालक म्हणून समोर आला, नंतर अर्जुन कपूर. इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी भागीदारी झाली, म्हणून भगव्या-केशरीसोबत जर्सीवर जांभळा रंग आला. पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आणला, दुसऱ्या वर्षी रोमानियाचा एड्रियन मुटू. हिंजवडी, माण, मारुंजीच्या आयटी कंपन्यांत केरळ, बंगाल, मणिपूर आणि गोव्यातून आलेली, लहानपणापासून फुटबॉल पाहणारी हजारो माणसं होती. त्यांच्या शेजारी कोथरूडची आणि पिंपरीची मराठी पोरं बसू लागली. ऑरेंज आर्मी नावाचा चाहत्यांचा गट उभा राहिला. ढोल आले, ताशे आले, आणि पुण्यात ढोल वाजला की तो गणपतीच्याच ठेक्यात वाजतो.

स्टँडमधला वाद इथे खरा पेटला. चाहत्यांत सरळ दोन बाजू पडल्या होत्या. एका बाजूचं म्हणणं होतं की मालकाकडे पैसा आहे, तो लावतोय, मोठी नावं आणतोय, म्हणूनच लोक सामन्याला येतात. पिरामलांनी शांतपणे चांगला संघ चालवला तेव्हा स्टँड रिकामे होते हे विसरू नका. दुसरी बाजू म्हणायची की हा सिनेमाचा प्रीमियर आहे, क्लब नाही; अकादमी कुठे आहे, प्रशिक्षकाला वेळ कुठे मिळतो? या दुसऱ्या बाजूकडे पुरावा होता. २०१४ मध्ये फ्रँको कोलोम्बा, २०१५ मध्ये डेव्हिड प्लॅट, २०१६ मध्ये अंतोनियो हबास, २०१७ मध्ये रँको पोपोविच. २०१८ मध्ये मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि मोसमाच्या सुरुवातीलाच गेले, काही सामने प्रद्युम रेड्डी यांनी सांभाळले, आणि मग फिल ब्राऊन. पाच मोसमांत मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर सात माणसं. त्यांत एक इंग्लंडचा माजी कर्णधार होता आणि एक कोलकात्याला पहिली सुपर लीग जिंकून देणारा.

चाहत्यांचा राग कसा वर चढतो, याचा एक ठरलेला क्रम मला या गोष्टीत दिसतो. पहिल्यांदा खेळाडू सापडतो, मग प्रशिक्षक. तिसऱ्या वर्षी लोकांना कळतं की प्रशिक्षक निवडणारं कुणीतरी आहे, आणि मग मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मॅनेजमेंट हे शब्द तोंडी येतात. मालकापर्यंत बोट अगदी शेवटी पोहोचतं, कारण मालक गेला तर संघच जाईल ही भीती प्रत्येकाच्या पोटात असते. एफसी पुणे सिटीच्या चाहत्यांनी मॅनेजमेंटला धारेवर धरलं ते याच भीतीपोटी जरा जपून. २०१६ मध्ये क्लबनं पुणे एफसीची अकादमी ताब्यात घेतली तेव्हा दुसऱ्या बाजूलाही थोडं समाधान वाटलं. आशिक आता भगव्या रंगात खेळणार होता.

२०१७-१८ चा मोसम आला. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी जमली. संघ चौथा येऊन पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बंगळुरूविरुद्धचा सामना गोलशून्य राहिला. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल केले आणि पुणं ३-१ नं हरलं. तरी लोक खूश होते. क्लबच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम वर्ष होतं, आणि दोन्ही बाजूंना वाटलं की वाद आता मिटला: मालक पैसे लावतोय आणि संघही जमलाय.

त्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोसळली आणि घरकर्ज देणाऱ्या कंपन्यांना बाजारात पैसा मिळेनासा झाला. वाधवान कुटुंबाची दिवाण हाउसिंग, म्हणजे डीएचएफएल, त्यात अडकली. जून २०१९ मध्ये कंपनीनं देणी चुकवायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली ती देशातली पहिली मोठी वित्तकंपनी ठरली. जानेवारी २०२० मध्ये कपिल वाधवान यांना सक्तवसुली संचालनालयानं अटक केली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत हे कुटुंब महाबळेश्वरला पोहोचल्याचं प्रकरण मराठी वाचकाला आठवत असेलच. फुटबॉल क्लब त्याआधीच गेला होता. खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पैसे थकले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगनं जाहीर केलं की पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी खेळेल. नवे मालक, नवं शहर, नवा रंग, आणि जुन्या संघातले बरेचसे खेळाडू.

या घटनाक्रमात फुटबॉल कुठेही नाही. संघ हरला म्हणून बंद झाला नाही, प्रेक्षक आले नाहीत म्हणूनही नाही. सुपर लीगचा जमाखर्च असा होता की फ्रँचायझी फी, परदेशी खेळाडू, प्रवास आणि हॉटेलं यांचा खर्च तिकिटं, जाहिराती आणि लीगच्या वाट्यातून कधीच निघायचा नाही. दर वर्षीची तूट मालक आपल्या दुसऱ्या धंद्यातून भरायचा. म्हणजे क्लबचं आयुष्य त्या दुसऱ्या धंद्याच्या तब्येतीवर ठरायचं. डीएसके शिवाजियन्सचंही तेच झालं. १९८७ पासूनचा स्थानिक शिवाजियन्स क्लब डीएसके समूहानं घेतला, लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या नावाची अकादमी काढली, २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये प्रवेश मिळवला आणि २०१७ मध्ये संघ बाहेर पडला. ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०१८ मध्ये डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली. ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांच्या दुःखापुढे एक फुटबॉल संघ ही किरकोळ गोष्ट आहे, हे मला मान्य आहे. पण शिवाजियन्स हे नाव तीस वर्षांचं होतं आणि ते समूहाच्या नावाला जोडलं गेल्यावर समूहासोबतच बुडालं.

म्हणून चांगला मालक की वाईट मालक, हा वाद मला अपुरा वाटतो. पिरामल संयमी होते, वाधवान झगमगाटी होते, कल्याणी एका वर्षात कंटाळले, डीएसके महत्त्वाकांक्षी होते. चौघांचे स्वभाव चार, चौघांच्या क्लबचा शेवट एक. आणि शेवट झाला तेव्हा चाहत्याच्या हातात एकही कागद नव्हता, ज्याच्या जोरावर त्यानं 'थांबा' म्हणावं. खासगी कंपनीचा ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल होतो, शुल्क भरून कुणालाही पाहता येतो, पण तो वर्ष उलटून गेल्यावर. सर्वसाधारण सभेत उभं राहून प्रश्न विचारायचा तर भागधारक असावं लागतं. हजारो लोक ज्या क्लबला आपला म्हणत होते, त्यांच्यापैकी एकाकडेही त्याचा शेअर नव्हता.

मुळशीत ज्यानं गावची यात्रा पाहिली आहे त्याला वेगळा व्यवहार ठाऊक आहे. पौड खोरं असो की मुठा खोरं, यात्रेला कुस्त्यांचा आखाडा भरतो तो वर्गणीवर. कुणी पाचशे देतो, कुणी पाच हजार, कुणी शेवटच्या मानाच्या कुस्तीचं इनाम उचलतो. यात्रा संपली की कमिटी हिशोब मांडते. देवळात बसून जमा वाचली जाते, खर्च वाचला जातो, मंडपवाल्याला इतके का दिले म्हणून कुणीतरी आवाज चढवतोच. पाच हजार देणाऱ्याचा मान मोठा असेल, पण यात्रा उचलून शेजारच्या तालुक्यात न्यायचा विचारही त्याच्या मनात येणार नाही. पुण्याच्या फुटबॉलमध्ये नेमकं हेच घडलं: सगळ्यात मोठा वर्गणीदार बुडाला आणि यात्राच हैदराबादला गेली.

हे फुटबॉलमध्ये जमतं का, याचं उत्तर दोनशे तीस किलोमीटरवर, कोल्हापुरात आहे. तिथले संघ तालमींचे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. पूर्वी जिथे कुस्तीचे पठ्ठे घुमायचे त्याच संस्थांनी संस्थानी काळात फुटबॉल उचलला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. यांतल्या एकाही संघाला कंपनीच्या अर्थानं मालक नाही. तालमीचं कार्यकारी मंडळ असतं, अध्यक्ष असतो, वर्गणीदार असतात, देणगीदार आणि प्रायोजक असतात. 'मॅनेजमेंट'वर तिथेही टीका होते, आणि पुण्याहून कितीतरी कडक. फरक एवढाच की टीका करणारा आणि जिच्यावर टीका होते ती माणसं रोज सकाळी एकाच चौकात चहा पितात. अमुक खेळाडू दुसऱ्या पेठेत का जाऊ दिला, याचा जाब अध्यक्षाला तालमीच्या कट्ट्यावर द्यावा लागतो. महाराष्ट्रातून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. तो वाढला मात्र बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी संस्थेत, त्याच संकुलात जिथून हे चार क्लब उठून गेले.

कोल्हापूरचं चित्र मी सोज्वळ करून सांगणार नाही. तिथे हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, पेठांच्या ईर्ष्येनं डोकी फुटली आहेत. परदेशी खेळाडू आणण्याच्या चढाओढीत खर्च वाढलाय, आणि खर्च वाढला की राजकीय नेत्याचा फलक मैदानात शिरतो. लोकांच्या मालकीची संस्था म्हणजे शुद्ध संस्था, असं समजण्याचं कारण नाही. महाराष्ट्राला हे कुणी शिकवायला नको, आपण सहकार पाहिला आहे. मुळशी-मावळच्या ऊसवाल्यांचा संत तुकाराम कारखाना कासारसाई-दारुंबरे इथे आहे. असल्या कारखान्यांच्या निवडणुका, पॅनेल, वार्षिक सभांतला गदारोळ सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पण गदारोळ करायला सभा तरी आहे. सभासदाला ताळेबंद मागता येतो, संचालक पाडता येतो. तालीम भांडते आणि टिकते. पाटाकडीलचा एखादा मोठा देणगीदार बुडाला तर संघ एखादा मोसम पडता काढेल, पण तो उठून सांगलीला जाणार नाही.

कोलकात्यातही हा प्रश्न गेल्या काही वर्षांत रस्त्यावर आला. १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल हे मूळचे सभासदांचे क्लब. सुपर लीगमध्ये जाण्यासाठी दोघांनाही गुंतवणूकदार घ्यावा लागला. ईस्ट बंगालमध्ये श्री सिमेंटशी अंतिम करारावर सही करायची की नाही, यावर क्लबचे पदाधिकारी अडून बसले. चाहत्यांत फूट पडली. एका गटाचं म्हणणं, सही केली तर शंभर वर्षांची संस्था कंपनीच्या खिशात जाईल. दुसऱ्याचं, सही केली नाही तर संघच मैदानात उतरणार नाही. २१ जुलै २०२१ ला क्लबच्या दारात जमलेल्या चाहत्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मला दोन्ही गटांची बाजू कळते. एकाला इतिहास वाचवायचा होता, दुसऱ्याला पुढचा मोसम.

मोहन बागानचं वेगळं झालं. जानेवारी २०२० मध्ये संजीव गोयंका यांच्या समूहानं ऐंशी टक्के हिस्सा घेतला आणि संघ एटीके मोहन बागान या नावानं खेळू लागला. चाहत्यांना ती तीन अक्षरं नको होती. तीन वर्षं त्यांनी स्टँडमध्ये फलक धरले, रस्त्यावर आले, स्टेडियमकडे पाठ फिरवली. १८ मार्च २०२३ ला संघानं सुपर लीग जिंकली आणि त्याच रात्री गोयंका यांनी जाहीर केलं की पुढच्या मोसमापासून नाव मोहन बागान सुपर जायंट असेल. पुणेकराला सुपर जायंट हे नाव आधीपासून ओळखीचं आहे. याच समूहाचा रायझिंग पुणे सुपरजायंट हा क्रिकेट संघ गहुंजेला दोन वर्षं खेळला, २०१७ चा अंतिम सामना एका धावेनं हरला आणि ठरलेल्या मुदतीनंतर संपला. मालक तोच, पण कोलकात्यात त्याला ऐकावं लागलं. तिथे उरलेला वीस टक्के हिस्सा जुन्या क्लबकडे होता आणि मागे सव्वाशे वर्षांची सभासदांची संस्था उभी होती. पुण्याच्या ऑरेंज आर्मीमागे काय होतं? ढोल, शर्ट आणि प्रेम.

केरळमध्ये २०२४-२५ च्या मोसमात मंजप्पडा या केरळ ब्लास्टर्सच्या चाहत्यांच्या गटानं मॅनेजमेंटविरुद्ध उघड आंदोलन केलं, तिकिटं न विकण्याचं आणि न घेण्याचं ठरवलं. भारतातल्या मोठ्या चाहतावर्गांपैकी एक, पण त्याच्याही हातात बहिष्कारापलीकडे हत्यार नाही. बहिष्कार हे विचित्र हत्यार आहे: ज्याच्यावर प्रेम त्यालाच उपाशी ठेवायचं.

जर्मनीत यावर कायमचा तोडगा काढलेला आहे. १९९८ पासून तिथे क्लबच्या कंपनीत पन्नास टक्के आणि वर एक मत सभासदांच्या मूळ संस्थेकडे राहिलं पाहिजे असा नियम आहे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग असे जुने कारखान्यांचे क्लब अपवाद. उद्योगपती पैसे घालू शकतो, शहर बदलू शकत नाही. इंग्लंडमध्ये असा नियम नव्हता, म्हणून २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबला सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात नवा एएफसी विम्बल्डन काढला. विम्बल्डन कॉमन या मोकळ्या मैदानावर जाहीर चाचणी घेऊन खेळाडू निवडले, नवव्या पायरीवरून सुरुवात केली, २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये परतले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनच्या आपल्या भागात स्वतःच्या मैदानावर. जुलै २०२५ मध्ये तर ब्रिटिश संसदेनं कायदाच केला: स्वतंत्र नियामक नेमला जाईल, आणि क्लबचं बोधचिन्ह, घरच्या शर्टाचा रंग, मैदान अशा गोष्टींत चाहत्यांचं मत डावलता येणार नाही.

भारतात उलटी दिशा आहे. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि रिलायन्सचा तो पंधरा वर्षांचा करार संपत आला आणि नव्याचा पत्ता नव्हता, म्हणून सुपर लीगच थांबवण्यात आली. मोसम ठरल्या वेळी सुरू झाला नाही. पुण्याची जागा घेतलेल्या हैदराबादनं २०२२ मध्ये सुपर लीग जिंकली खरी, पण पुढे तिथेही पगार थकले, मालक बदलला, आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला नेऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली असं नाव ठेवलं गेलं. म्हाळुंग्यातून उठलेली जागा सहा वर्षांत तिसऱ्या शहरात पोहोचली. हैदराबादच्या चाहत्याला आज जे वाटतंय ते पुण्याच्या चाहत्याला २०१९ पासून माहीत आहे.

पुण्यात काय करता येईल, याचं उत्तर त्याच संकुलात आहे असं मला वाटतं. हे मैदान कुठल्याही समूहाचं नाही. ते राज्य सरकारचं, म्हणजे करदात्याचं आहे. कुठल्याही कंपनीला पुण्यात व्यावसायिक फुटबॉल संघ चालवायचा असेल तर आजही बालेवाडीशिवाय फारसा पर्याय नाही, आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची मार्गिका याच भागातून जात असल्यानं मैदानाची किंमत वाढणारच आहे. मग मैदान भाड्यानं देतानाच अटी का नसाव्यात? संघाचं नाव, रंग आणि शहर बदलायचं तर नोंदणीकृत चाहता संघटनेची संमती हवी. दर मोसमाचा ताळेबंद मोसम संपताच जाहीर व्हावा. एका मोसमाच्या पगाराइतकी रक्कम अनामत म्हणून ठेवावी, म्हणजे मालकाचा दुसरा धंदा बुडाला तरी खेळाडू, माळी, फिजिओ आणि बसचालक यांचे पैसे बुडणार नाहीत. अकादमीतली मुलं कुणाच्या ताब्यात जातील हे आधीच लिहिलेलं असावं. सरकार मंडपवाल्याकडूनही अनामत घेतं. फुटबॉल कंपनीकडून घ्यायला अडचण असू नये.

अशा अटी घातल्या तर कुणी मालक येणारच नाही, असं अनेक जाणकार म्हणतात, आणि हा आक्षेप हलका नाही. तूट भरणारा माणूस वर जाब का ऐकून घेईल? माझं उत्तर असं की विनाअट आलेले चार मालक पाच वर्षांत गेले. अटींमुळे एखादा कमी श्रीमंत, पण थांबणारा येणार असेल तर तो मला चालेल. सुपर लीगऐवजी खालच्या श्रेणीत खेळावं लागलं तरी चालेल. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये खडकी, कॅम्प आणि उपनगरांतले कितीतरी क्लब कसलाही प्रायोजक नसताना वर्षानुवर्षं संघ उतरवतायत. त्यांच्या पदाधिकाऱ्यांना मी मैदानाला स्वतः चुना मारताना पाहिलं आहे.

पण सरकारनं 'चाहत्यांची संमती घ्या' म्हटलं, तर कुणाची घ्यायची? ऑरेंज आर्मी हा उत्साही लोकांचा गट होता. त्याची नोंदणीकृत सभासद यादी आणि बँकेत खातं असतं, तर २०१९ मध्ये लीगला कुणाशी तरी बोलावं लागलं असतं, निदान अकादमीतल्या मुलांबद्दल. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला सात माणसं पुरतात. कितीतरी गणपती मंडळांनी हे केलेलं आहे. घटना लिहायची, वर्गणी ठरवायची, शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानावर जिल्हा लीगमध्ये एक संघ उतरवायचा आणि धर्मादाय आयुक्तांकडे दर वर्षी हिशोब द्यायचा. बालेवाडीचे जुने चाहते अजून हिंजवडी-बाणेरमध्येच राहतात, शनिवारी रात्री एकत्र बसून युरोपातले सामने बघतात आणि चेल्सीच्या मालकानं काय करावं यावर तावातावानं भांडतात. त्यांच्यातल्या सात जणांनी तो अर्ज भरावा, पहिली वर्गणी मी देईन.